बाराही महिने चातुर्मास

परवा दुपारी कलिंगडाची सालं बारीक चिरत बसले होते. शेजारची नवी सून डबा परत द्यायला आली.

"काकू, सालांची भाजी करताय?"

"नाही गं, गांडुळांना."

डबा ओट्यावर ठेवून गेली. बसली नाही.

आता ज्यांना दातच नाहीत त्यांना अख्ख्या फाका कशा घालायच्या? त्यातून नखरे केवढे! संत्र्या-लिंबाची सालं नकोत, कांदा-लसूण नको, तिखट-तेल लागलेलं उष्टं तर नकोच नको. बाराही महिने चातुर्मास, वांगं तेवढं चालतं. आम्हाला लहानपणी ताटातली कारल्याची फोडसुद्धा बाजूला सारायची सोय नव्हती.

गांडूळखताच्या टबावर गोणपाट असतं. मे महिन्यात ते सारखं भिजवावं लागतं, कारण हा जीव कातडीनेच श्वास घेतो. कातडी सुकली की संपलं. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांपायी. गोणपाट उचललं की लालसर गुंता क्षणभर उजेडात चकाकतो आणि सरसर पालापाचोळ्यात शिरतो. डोळे नाहीत, पण उजेड कळतो.

ही आयसेनिया फेटिडा जातीची, कुजक्या पाचोळ्यात वरवर राहणारी. मामाच्या गावची वेगळी. चांगली लांबलचक, मातकट, पहिला पाऊस पडला की अंगणभर. मामा ती ओल्या मातीसकट करवंटीत भरायचा आणि पऱ्ह्यावर गरी टाकायला निघायचा. मी मागोमाग. गरीला गांडूळ लावताना ते बोटाला वेढे घालायचं, मामा विडी ओठांत धरून शांतपणे लावत राहायचा, मी तोंड फिरवून करवंदीच्या जाळीकडे बघायची. रात्री ताटात मासा आला की मात्र तोंड फिरवल्याचं आठवत नाही.

डार्विनने म्हातारपणी गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, १८८१ साली. त्याच्या घरी कुंड्यांतल्या गांडुळांना पियानो ऐकवला, बायकोने बसून वाजवून दाखवला. गांडुळं ढिम्म. मग कुंड्याच पियानोवर ठेवून एक खर्जातला सूर दाबला, तर दोन्ही गांडुळं चट्कन बिळात. कान नाहीत, पण हादरा कळतो.

हे वाचल्यापासून एक नवीनच काळजी. आमचा टब धुण्याच्या मशीनला खेटून आहे आणि ते पिळायला लागलं की अख्खी बाल्कनी थरथरते. टब हलवावा तर दुसऱ्या कोपऱ्यात दुपारचं ऊन. असो. खाऊनपिऊन सुखी दिसतात खरी.