आठवडा चौदावा: अडलेला काटा आणि तेलाची बाटली

मंडळी, या आठवड्याची माझ्या वजनाची सरासरी ७९.२ किलो. सुरुवात ८४.६ ला केली होती, म्हणजे आतापर्यंत ५.४ किलो उतरले. मागची नोंद लिहिली तेव्हा काटा जागचा हलत नव्हता आणि मी अगदी हिरमुसले होते. त्या काळात काय सापडलं, ते आज सविस्तर लिहिते.

नव्याने आलेल्यांसाठी आधी पद्धत सांगते. रोज सकाळी काही खाण्यापिण्याआधी वजन करायचं, आकडा वहीत टिपायचा आणि सोडून द्यायचा. रविवारी सातही आकड्यांची सरासरी काढायची. मी तेवढीच धरते. खारट खाणं झालं, पाळी जवळ आली, की एका रात्रीत काटा किलोभर वर चढलेला दिसतो. ती चरबी नसते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, आणि एवढं जास्तीचं एका जेवणात कोणाच्या पोटात जात नाही. उलट बाजूनेही हाच हिशेब. पहिल्याच आठवड्यात माझे १.४ किलो गेले, त्यात पाण्याचाच वाटा मोठा होता. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेच्या) दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की साठा उतरतो आणि ते पाणीही जातं. दुसऱ्या आठवड्यात वेग मंदावला तर घाबरू नका, तो मंदावणारच.

आता अडलेल्या काट्याकडे. नववा, दहावा आणि अकरावा आठवडा: ८०.९, ८१.०, ८०.८. खाणं तेच, चालणं तेच. आठव्या आठवड्यात ताकदीचे व्यायाम सुरू केले होते आणि अंग चांगलंच दुखत होतं. नव्या व्यायामाने स्नायूंना सूज येते, तिथे पाणी साठतं, हे वाचून माहीत होतं. म्हणून टेप काढली. त्याच तीन आठवड्यांत कंबर दीड सेंटीमीटरने कमी झाली होती! वजनाबरोबर दर पंधरा दिवसांनी कंबरही मोजा, असं मी कळकळीने सांगेन.

तरीही मन मानेना. वहीत खाण्याचं सगळं वजन करून लिहिलेलं होतं, फक्त तेल अंदाजाने: ‘दोन छोटे चमचे’. मी एकटीपुरतंच रांधते, त्यामुळे तपासणं सोपं होतं. सकाळी तेलाची बाटली स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली, आकडा टिपला, रात्री ओटा आवरल्यावर पुन्हा ठेवली. फरक ३१ ग्रॅम! दोन छोटे चमचे म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. तेलाच्या दर ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोज जवळपास २०० कॅलरी वहीबाहेर चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ओतताना नीट पाहिलं. चमचा काठोकाठ भरून वरून ओघळत होता, आणि भांडं कोरडं वाटलं की हात आपोआप पुन्हा बाटलीकडे जात होता. आता सकाळीच दिवसाचं तेल मोजून एका वाटीत काढते आणि बाटली कपाटात ठेवते. चवीत फारसा फरक पडला नाही. पुढचे तीन आठवडे ८०.२, ७९.७, ७९.२ असे आले. यातलं काही स्नायूंमधलं पाणी उतरल्यामुळेही असणार, सगळं श्रेय वाटीला देत नाही.

खाण्यात बाकी मोठा बदल नाही. अर्धं ताट भाज्यांचं, आणि प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ग्रॅम, तीन जेवणांत विभागून. सकाळी प्रथिनं नीट मिळाली की संध्याकाळची खा-खा होत नाही, हा माझा पक्का अनुभव. झोप सहा तासांखाली गेली की मात्र ती परत येते.

पावलं ४,२०० वरून ७,२०० वर आली, दर चार आठवड्यांनी हजार वाढवत. दहा हजारांचा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, त्यामुळे तो गाठला नाही म्हणून कोणी खंत करू नये.

पुशअप्सबद्दल मात्र मनापासून आनंद आहे. भिंतीला टेकून बारापासून सुरुवात होती. आता भक्कम टेबलाच्या कडेवर सलग नऊ. सातव्याला कंबर खाली झुकायला लागते, म्हणून खाली जाण्याआधी पोट आणि नितंब घट्ट आवळून घेते, कोपरं अंगाजवळ ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. मी मंगळवार आणि शुक्रवार धरलेत.

सलग बारा जमले की टेबल सोडून त्याहून ठेंगणं काहीतरी घेणार. तुमच्यापैकी कोणी टेबलावरून थेट जमिनीवर गेलं असेल, तर मनगटं कशी सांभाळली ते जरूर लिहा.