टॉय स्टोरी २: ‘निर्मिती’चा गुंता सुटला, पण नोंदीचा आराखडाच बदलला

मंडळी, मराठी विकिपीडियावरच्या ‘टॉय स्टोरी २’ या पिक्सारच्या अ‍ॅनिमेशनपटाच्या नोंदीतला, ‘निर्मिती’ विभागातला तो परिच्छेद परवा पुन्हा उलटवला गेला, म्हणजे बदल रद्द करून जुना मजकूर परत आणला गेला. कोणता ते जुन्या वाचकांना सांगायला नको. चित्रपटाच्या फायली पुसल्या गेल्या आणि तांत्रिक दिग्दर्शिका गेलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरून परत मिळाल्या, तीच हकिगत. पण या खेपेला उलटवणाऱ्या सदस्यांनी सारांशात ‘संदर्भ अपुरा’ एवढंच टाकून पान सोडलं नाही. ते चर्चा पानावर आले आणि त्यांनी सरळ प्रश्न विचारला: पुढच्याच परिच्छेदात तुम्ही म्हणता की चित्रपट जवळपास मुळापासून नव्याने केला, मग इथे ‘सुसमन यांच्यामुळे चित्रपट वाचला’ हे कसं? जे पुढे टाकूनच दिलं, ते वाचलं असं विश्वकोशात म्हणायचं का?

प्रश्न बिनतोड आहे. या नोंदीवर आलेल्या सगळ्या हरकतींत मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण घोटाळा नेमका तिथेच आहे. ही गोष्ट सगळीकडे फिरते ती एकाच साच्यात: फायली गेल्या, बॅकअप नव्हता, घरी तान्हं बाळ सांभाळत काम करणाऱ्या एका बाईंकडे प्रत निघाली, संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला, चित्रपट तरला. गोष्ट तिथेच संपते आणि आपल्या नोंदीत येणारी दर नवी भरही तिथेच संपते. खरी निर्मिती मात्र तिथून पुढे सुरू होते.

नव्याने येणाऱ्यांसाठी क्रम थोडक्यात लिहिते. हा दुसरा भाग मुळात थेट व्हिडिओवर विकायचा म्हणून हाती घेतलेला होता, चित्रपटगृहांसाठी नाही. निर्मिती चालू असताना, १९९८ मध्ये, पिक्सारच्या सर्व्हरवर कुणीतरी युनिक्सची ‘आरएम’ आज्ञा नको त्या जागी दिली. ही आज्ञा दिल्या ठिकाणचं सगळं पुसत सुटते, मध्ये थांबून विचारत नाही. चित्रपटाच्या तांत्रिक चमूतले ओरेन जेकब तेव्हा नायक वुडीच्याच फायली बघत होते. आधी टोपी नाहीशी झाली, मग बूट, मग वुडीच गेला. त्यांनी यंत्रणा सांभाळणाऱ्यांना फोन करून मशीनची वायर उपसायला सांगितलं. तोवर सुमारे ९० टक्के काम गेलेलं होतं. बॅकअपकडे वळले तर तोही काही काळापासून नीट होत नव्हता, आणि हे कळलं ते त्या दिवशी. मग गेलिन सुसमन यांच्या घरच्या प्रतीचा विषय निघाला, आणि तिच्यावरून जवळपास सगळं परत मिळालं.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. यानंतरचं असं: नोव्हेंबर १९९८ मध्ये पिक्सारचा ‘अ बग्ज लाइफ’ आला. त्याच्या युरोपातल्या प्रसिद्धीवरून परतल्यावर पहिल्या भागाचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी दुसऱ्या भागाची तोवरची रिळं पाहिली. कथा उभी राहत नव्हती. स्टुडिओतल्या बऱ्याच जणांचं मत आधीपासून तेच होतं. डिस्नेचं म्हणणं पडलं की ठरलेल्या तारखेआधी सगळं नव्याने करायला वेळच नाही. तरीही पिक्सारने ते केलं, आणि जेमतेम नऊ महिन्यांत. पटकथा नव्याने लिहिली, अ‍ॅनिमेशन नव्याने केलं, कॅमेऱ्याच्या जागा नव्याने ठरवल्या, प्रकाशयोजनाही नव्याने. बस्टर कुत्रा याच टप्प्यात चित्रपटात शिरला. पहिल्या भागाच्या शेवटी अँडीला भेट मिळालेलं ते पिल्लू. दुसऱ्या भागाच्या आधीच्या आराखड्यात त्याला जागाच नव्हती. २४ नोव्हेंबर १९९९ ला चित्रपट अमेरिकेत लागला.

म्हणजे सुसमन यांच्या प्रतीवरून जे परत आलं आणि आपण पडद्यावर जे पाहिलं, त्यांच्यामध्ये एक अख्खं पुनर्लेखन आहे.

आता हा घोटाळा सगळीकडे सारखाच का होतो? याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं आणि या महिन्यातला सगळ्यात मोठा आनंद तोच. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांच्या २०१४ च्या ‘क्रिएटिव्हिटी, इंक.’मध्ये दोन्ही प्रसंग आहेत, पण दोन वेगवेगळ्या प्रकरणांत. नव्याने करण्याची कथा आधी येते, पिक्सार ही संस्था कशी घडली त्या ओघात. फायली पुसल्याचा प्रसंग कितीतरी पुढे, अचानक होणाऱ्या बदलांना तोंड कसं द्यावं याचं उदाहरण म्हणून. लेखकाने विषयाप्रमाणे मांडणी केली आहे, काळाप्रमाणे नाही. दुसरं प्रकरण तेवढं कापून जो कुणी संदर्भ देतो, त्याला पहिलं कधी भेटतच नाही. आपल्या नोंदीतले तिन्ही जुने संदर्भ असेच होते: बातम्यांचे दुवे, आणि त्या बातम्या त्याच एका प्रकरणावर किंवा जेकब यांच्या आठवणीच्या पहिल्या अर्ध्या भागावर उभ्या. जेकब यांनी स्वतः मात्र पुढचंही सांगितलेलं आहे. ते वाचायला कुणी थांबत नाही.

पुस्तक मिळवायलाच वेळ गेला. साताऱ्यात ते कुठल्या वाचनालयात दिसलं नाही. एका जुन्या पुस्तकवाल्याकडून मागवलं तर मधला एक फर्मा गळालेला, आणि नेमका हवा तोच. असल्या खरेदीबद्दल माझं मत पक्कं झालंय: संदर्भासाठी पुस्तक घ्यायचं तर विक्रेत्याला अनुक्रमणिकेचा आणि हव्या प्रकरणाच्या पहिल्या पानाचा फोटो आधी मागावा, पैसे नंतर. शेवटी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकलेल्या माझ्या मावसभावाने त्याच्याकडची ई-प्रत उघडून दोन्ही प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवली. मी फोन स्पीकरवर ठेवून टाचणं काढली आणि मग त्याच्याकडून त्या-त्या जागेचे फोटो मागवून ती ताडून घेतली. ई-प्रतीत पानांचे आकडे भरवशाचे नसतात, म्हणून संदर्भाच्या साच्यात (नोंदीत घालायच्या ठरावीक रकान्यांत) पान रिकामं ठेवून प्रकरण भरलंय. चुकीच्या पानापेक्षा बरोबर प्रकरण कधीही चांगलं.

आता त्या सदस्यांची दुसरी मागणी. त्यांचं म्हणणं, सगळं नव्यानेच केलं असेल तर पुसलं गेल्याचा प्रसंग काढूनच टाका, तो नुसता किस्सा आहे. इथे मी ठाम नाही म्हटलं. ज्या दिवशी फायली गेल्या त्या दिवशी पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या माणसांचं तोवरचं सगळं काम गेलं होतं आणि ते परत मिळवलं गेलं. स्टुडिओच्या प्रमुखाने स्वतः लिहिलेली ही घटना आहे. नंतर कथा बदलली हा वेगळा निर्णय, वेगळ्या कारणाने घेतलेला. एकाने दुसरा खोटा ठरत नाही. दोन्ही राहतील, फक्त क्रमाने आणि एकमेकांत न मिसळता.

बरंच मागेपुढे झाल्यावर धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, हे उतरलं: ‘१९९८ मध्ये निर्मिती चालू असताना पिक्सारच्या सर्व्हरवरील चित्रपटाच्या बहुतांश फायली एका चुकीच्या आज्ञेमुळे पुसल्या गेल्या. बॅकअपही सदोष असल्याचे त्याच वेळी लक्षात आले. तांत्रिक दिग्दर्शिका गेलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीवरून फायली परत मिळवण्यात आल्या.’ परिच्छेद इथे थांबतो. त्याखाली ‘पुनर्लेखन’ हा नवा उपविभाग, आणि त्याचं पहिलं वाक्य लॅसेटर यांच्या परतण्यापासून. ‘चित्रपट वाचला’ कुठेच नाही. ब्लँकेटंही काढली. मला ती फार आवडतात, पण परिच्छेदाचा तोल त्यांच्याकडे झुकत होता आणि प्रत्येक नवा संपादक तिथेच भर घालत होता. त्या सदस्यांनी चर्चा पानावर पाठिंबा दिला आणि एक स्वल्पविरामही सुधारून दिला. तेव्हापासून परिच्छेद जागेवर आहे.

एक गोष्ट मात्र पहाऱ्याच्या सूचीत ठेवावी लागणार. ‘आज्ञा देणाऱ्याला कामावरून काढलं’ हे वाक्य कुणीतरी नाव न देता परत परत घालतंय. कॅटमल यांनी नेमकं उलट लिहिलंय: दोष कुणाचा हे शोधत बसण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. हे वाक्य संदर्भासह नोंदीत असावं असं मला मनापासून वाटतं. ती आज्ञा कुणी दिली यापेक्षा ते कुणी शोधलं नाही, ही माहिती जास्त मोलाची आहे.

हे सगळं करताना मला विश्वकोशाची आठवण होत होती, वाईच्या. आमच्या घरी त्याचे काही खंड आहेत. तर्कतीर्थांच्या देखरेखीखाली झालेल्या त्या नोंदींच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. वाचणाऱ्याला कळतं, हे अमक्याने लिहिलंय, शंका आली तर तो जबाबदार. आपल्याकडे ते नाव नाही. सगळा भार त्या चिमुकल्या चौकटी कंसातल्या आकड्यावर. म्हणूनच संदर्भाच्या बाबतीत मी इतकी हट्टी आहे. वाई इथून एसटीने तासाभरावर आहे, आणि आपण त्या गावाच्या इतक्या जवळ राहून ढिला संदर्भ देणं मला पटत नाही.

बाकीचं झपाट्याने सांगते. पुरस्कारांचा तक्ता पूर्ण झाला. ‘सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड चित्रपटाचा ऑस्कर’ ही ओळ पुन्हा एकदा काढली. १९९९ च्या चित्रपटांसाठी तो पुरस्कार अस्तित्वातच नव्हता. तो पहिल्यांदा २००२ च्या सोहळ्यात दिला गेला आणि ‘श्रेक’ला मिळाला. ‘टॉय स्टोरी २’ला ऑस्करचं नामांकन होतं ते रँडी न्यूमन यांच्या गाण्याला, जेसीच्या आठवणींच्या प्रसंगातल्या. जिंकला तो गोल्डन ग्लोब, विनोदी किंवा संगीतमय चित्रपटाचा. आता त्या ओळीशेजारी स्रोतात लपवलेली टीप घातली आहे: ‘कृपया ऑस्कर जोडण्याआधी चर्चा पान पाहा.’ यथादृश्य संपादकात (पान दिसतं तसंच ठेवून बदल करायच्या साधनात) ती उद्गारचिन्हासारखी दिसते, त्यामुळे नवख्यालाही थांबावं लागतं. टीप घातल्यापासून ती ओळ एकदाही परत आलेली नाही, आणि दर वेळी इतिहास उघडून हे पाहताना मला फार बरं वाटतं.

माहितीचौकटीतल्या गल्ल्याचा वादही मिटला. दोन आकडे फिरत होते, कारण २००९ मध्ये पहिल्या दोन भागांचा जोडखेळ थ्रीडीत पुन्हा लागला होता. एक आकडा त्यासह, एक त्याशिवाय. दोन्ही दिले, दोन्हींपुढे वर्ष लिहिलं. रोमन आकड्याच्या शीर्षकावरून पुनर्निर्देशनही झालं. जिम वार्नी यांच्या नावापुढे तारीख जोडली: स्लिंकी या स्प्रिंगच्या कुत्र्याचा हा आवाज फेब्रुवारी २००० मध्ये गेला, चित्रपट लागल्यानंतर तीन महिन्यांच्या आतच.

मेलेल्या दुव्यांसाठी वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहासारखा आधार नाही. नवा संदर्भ घातला की त्याच बसणीत त्याची प्रत तिथे जतन करा, उद्यावर टाकू नका. दुसऱ्या भाषेतली नोंद भाषांतरून आणणाऱ्या कन्टेन्ट ट्रान्सलेशनबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. त्या साधनाने आणलेल्या नोंदीत संदर्भ येतात, पण आणणाऱ्याने ते उघडून पाहिलेले नसतात. वर सांगितलेला सगळा गुंता इतर भाषांत असाच पसरलाय.

पुढचा बेत असा होता की गेलिन सुसमन हा लाल दुवा निळा करायचा, म्हणजे त्यांची अजून नसलेली नोंद तयार करायची. छोटी नोंद, ‘लाइटइयर’च्या निर्मात्या, २०२३ च्या पिक्सारच्या कर्मचारीकपातीत नोकरी गेली, एवढं तरी पक्क्या संदर्भांनिशी लिहिता येतं. पण हे लिहितानाच मनात आलं की त्या नोंदीतही पहिला परिच्छेद घरच्या संगणकाचाच होणार आणि अख्खं आयुष्य त्या एका दिवसात कोंबलं जाणार. ते मला नकोय. त्यांचं चित्रपटांतलं काम आधी, संगणक नंतर. तेवढे संदर्भ जमेपर्यंत दुवा लालच राहू दे.

त्याऐवजी आधी कालक्रमाचा एक साचा करते. व्हिडिओचा बेत, फायली पुसणं, ‘अ बग्ज लाइफ’, पुनर्लेखन, प्रदर्शन, २००९ चा जोडखेळ. एकदाच करायचा आणि चित्रपटाच्या नोंदीत, पिक्सारच्या नोंदीत, उद्या सुसमन यांच्या नोंदीत नुसता बोलवायचा. एका ठिकाणी दुरुस्ती केली की तिन्हीकडे लागू. क्रम हाच कळीचा मुद्दा असेल तर तो तीन ठिकाणी तीन हातांनी लिहिण्यात अर्थ नाही.

आणि श्रावणात इथल्या एका महाविद्यालयात कार्यशाळा ठरलीय, तिथला बेतही आताच बदलते. प्रत्येकाकडून एक नवी नोंद करून घ्यायची ठरवलं होतं. त्यापेक्षा या एकाच परिच्छेदाचा इतिहास पडद्यावर उघडते, जुन्या आवृत्त्या मुलांच्या हाती देते आणि कोणता संदर्भ काय सांगतो, काय सांगत नाही, हे त्यांनाच शोधायला लावते.

कुणाकडे ‘क्रिएटिव्हिटी, इंक.’ची छापील पहिली आवृत्ती असेल तर दोन्ही प्रसंगांची पानं माझ्या चर्चा पानावर टाका, प्रकाशनवर्षाच्या पानाच्या फोटोसह. पुठ्ठा बांधणी आणि साधी बांधणी यांचे आकडे वेगळे पडतात, तेव्हा कोणती प्रत तेही लिहा. साच्यातली ती रिकामी जागा मला साचा दुसऱ्या नोंदींत जायच्या आत भरायची आहे.