दुसऱ्या अंकाची पहिली ओळ

मंगळवार, रात्र

आज पुन्हा ‘द किंग इन यलो’ हातात घेतलं. तिसरं वाचन. पहिल्या दोन वेळी गोष्टींच्या ओढीने वाचलं होतं, आज मात्र त्यातल्या एका नाटकासाठीच उघडलं.

हौशी नाटकांचं प्रॉम्प्टिंग करण्यात माझी बरीच वर्षं गेली. विंगेत टॉर्च धरून, संहितेवर बोट ठेवून बसायचं. त्यामुळे नाटक म्हटलं की माझा हात आधी संहिता शोधतो. आणि इथे ती नाहीच. अमेरिकन लेखक रॉबर्ट चेंबर्सचं हे दहा कथांचं पुस्तक १८९५ सालचं. पहिल्या चार कथांमध्ये एक शापित नाटक या हातातून त्या हातात फिरतं, त्याचंही नाव हेच. जो वाचतो त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पण त्या नाटकातलं चेंबर्सने प्रत्यक्ष लिहिलं किती? कॅसिल्डा या पात्राचं चार कडव्यांचं गाणं, पहिल्या अंकातला पाच संवादांचा एक तुकडा, आणि इथे तिथे सांडलेली काही नावं. बस्स.

तो तुकडा आज मी मोठ्याने वाचला. कॅमिला परक्या पाहुण्याला सांगते, आता मुखवटा उतरवा. कॅसिल्डाही म्हणते, आम्ही सगळ्यांनी सोंगं उतरवली, तुम्हीच राहिलात. तो म्हणतो, मी मुखवटा घातलेला नाही. त्यापुढे कंसात रंगसूचना आहे: कॅमिला, घाबरून, कॅसिल्डाला, जनांतिक. मग तिचं वाक्य. मुखवटा नाही? मुखवटाच नाही!

प्रॉम्प्टर रंगसूचना वाचत नाही, नजर पुढच्या वाक्यावर असते. इथे मी थांबले. हे वाक्य किंचाळून म्हणायचं नाही. शेजारच्या बाईच्या कानाशी, श्वासात म्हणायचं, कारण तो समोरच उभा आहे. हा परका म्हणजेच नाटकाच्या नावातला राजा, असं पुस्तक कुठेच सांगत नाही. मला तरी ते न सांगणंच बरं वाटतं.

राजा दिसतो तो फक्त चिंध्यांमध्ये. कारकोसा नावाचं शहर, हाली नावाचं सरोवर, सरोवरामागे मावळणारे दोन सूर्य, काळे तारे, आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या त्याच्या वस्त्राच्या चिंध्या. कारकोसा आणि हाली ही नावं चेंबर्सने अँब्रोज बिअर्स या लेखकाकडून उचलली. बिअर्सकडे हाली हे माणसाचं नाव होतं, याने त्याचं सरोवर केलं. पुढे भयकथाकार लव्हक्राफ्टने १९३१ मध्ये यातली काही नावं आपल्या कथेत घेतली, आणि नंतरच्या लेखकांनी त्या नावांना हातपाय फोडून राक्षस उभे केले. मला ते आवडलं नाही. ज्याच्या अंगावरच्या चिंध्यांपलीकडे काही दिसत नाही, त्याला अंग कशाला द्यायचं?

रंगाने मात्र मला सुरुवातीला फार अडवलं. माझ्या मनात पिवळा म्हणजे हळद, जेजुरीचा भंडारा. या रंगाला भ्यायची सवयच नाही. चेंबर्स तरुणपणी पॅरिसला चित्रकला शिकत होता, आणि तिथल्या धीट कादंबऱ्या तेव्हा पिवळ्या कागदी वेष्टनात निघत. पिवळं पुस्तक म्हणजे घरात लपवून वाचायचं पुस्तक. हे कळल्यावर तो रंग मला काविळीच्या डोळ्यांसारखा दिसायला लागला.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती शेकोटीची जागा. पहिल्याच कथेतला हिल्ड्रेड घोड्यावरून पडलाय, दुखण्यातून उठतोय, आणि या दिवसांत तो हे नाटक वाचतो. पहिला अंक अगदी साधा, निरुपद्रवी. तो संपल्यावर त्याला वाटतं, आता थांबावं. उठतो आणि पुस्तक शेकोटीत भिरकावतो. ते जाळीवर आपटून खाली पडतं, उघडं. उचलायला वाकतो तेव्हा दुसऱ्या अंकाचे पहिले शब्द दिसतात, आणि तो निखाऱ्यांतून पुस्तक ओढून काढतो. त्या वेळी त्याच्या तोंडून किंकाळी निघते. भीतीची, की नसानसांना दुखवणाऱ्या आनंदाची, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

म्हणजे त्याला कळलं होतं! वेळेवर कळलं होतं. ‘द यलो साइन’ या कथेतला चित्रकार तर त्याच्याही पुढचा, त्याने हे पुस्तक घरात आणायचंच नाही असं ठरवलेलं. तरी एक दिवस त्याच्याच कपाटात सापाच्या कातड्याच्या बांधणीचं एक पुस्तक निघतं. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, काही पत्ता नाही. त्याची मॉडेल टेसी ते घेऊन पळते, घरात लपून बसते. त्याला सापडते तेव्हा ती पांढरीफटक पडलेली असते, आणि पुस्तक दुसऱ्या अंकावर उघडं.

जेवणानंतर मी वही काढली आणि दुसऱ्या अंकाची ती पहिली ओळ लिहून बघितली. चार प्रयत्न केले. एकात सूर्य होते, एकात कॅसिल्डाचं आरशासमोरचं स्वगत, एकात फक्त दारावरची थाप. चौथी ओळ बरी होती, रात्री एकटीने वाचली तर अंगावर काटा येईल अशी. पण आनंदाने किंचाळून, हात भाजून घेऊन कुणी ती निखाऱ्यांतून काढणार नाही. चारही ओळी खोडल्या.