तुम्ही विचारलंत म्हणून: किशोन जर्मनांना कसा काय चालला?

वर्गात एफ्राइम किशोन या विनोदी लेखकाचा एखादा लेख वाचून होतो, मुलं मनापासून हसतात, मग मी फळ्यावर त्याचं चरित्र चार ओळींत लिहिते आणि कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, हा तर छळछावणीतून वाचलेला ज्यू ना? मग जर्मनांचा एवढा लाडका कसा?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी तक्रारही असते. पुण्यात जर्मन शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत त्याचं उत्तर मावत नाही, म्हणून इथे सवडीने लिहिते.

प्रश्न रास्तच आहे. किशोनच्या पुस्तकांच्या जगभरात 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि त्यातल्या बहुतेक जर्मन भाषेतल्या. माणूस मात्र इस्रायलचा, आणि लिहिणार हिब्रूत, म्हणजे पंचविशीत शिकलेल्या भाषेत.

तो जन्मला 1924 साली बुडापेस्टमध्ये. मूळ नाव फेरेन्त्स होफमान. हंगेरीतल्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे कॉलेजचं दार बंद झालं, म्हणून पोरगा सोनारकाम शिकायला लागला. 1944 मध्ये त्याला पकडून छावण्यांत टाकलं. एका छावणीतल्या कमांडंटला बुद्धिबळाला जोडीदार हवा होता आणि याचा डाव पक्का, त्यावर तो काही काळ तगला. पोलंडकडे नेलं जात असताना निसटला आणि स्लोव्हाक मजुराचं सोंग घेऊन युद्ध संपायची वाट बघत राहिला. आई-वडील आणि बहीण वाचले, पण नात्यातली कितीतरी माणसं गॅस चेंबरमध्ये गेली. पुढे तो म्हणायचा की नाझींनी एक चूक केली, एक उपहासकार जिवंत सोडला.

या सगळ्यातून बाहेर पडल्यावर त्याने पहिली मोठी गोष्ट लिहिली ती टकल्यांवर. सगळ्या संकटांचं मूळ टक्कल असलेली माणसं, असं एका देशात ठरतं आणि मग त्यांची धरपकड सुरू होते, अशी ती कादंबरी. हिला हंगेरीत बक्षीसही मिळालं, पण छापता येईना. का, तर तोवर कम्युनिस्ट सत्तेवर आले होते आणि त्यांचे सर्वेसर्वा मात्याश राकोशी यांच्या डोक्यावर एक केस नव्हता! हा किस्सा किशोन स्वतःच रंगवून सांगायचा. विनोदी लेखकाने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टी थोड्या बेतानेच घ्याव्यात, पण ही माझी फार आवडती आहे.

1949 मध्ये बायकोला घेऊन तो कम्युनिस्ट हंगेरीतून सटकला आणि जहाजाने हैफाला पोचला. युद्धानंतर त्याने आडनाव बदलून किशोन्त केलं होतं. बंदरावरच्या कारकुनाने ते ऐकलं आणि सरळ 'किशोन' लिहून टाकलं (हैफाजवळ त्या नावाची नदी आहे, कारकुनाला तेवढं पुरलं). पहिलं नाव? फेरेन्त्स. असं काही नाव नसतं, म्हणाला, आणि एफ्राइम लिहून पुढच्या माणसाला हाक मारली. आधी निर्वासितांची छावणी, मग एका किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) साफसफाईचं काम, मग जेरुसलेमला हिब्रूचे धडे. 1952 पर्यंत त्याची मजल 'मारीव' या मोठ्या दैनिकात स्वतःच्या सदरापर्यंत गेली. 'हद गद्या' नावाचं हे सदर त्याने सुमारे 30 वर्षं चालवलं.

आता मुद्द्यावर येते. छळछावणी पाहिलेला माणूस विनोद कसा लिहितो, याचं उत्तर मुलांना बहुधा 'दुःख विसरण्यासाठी' असं हवं असतं. मला ते पटत नाही. त्याची सदरं, नाटकं, चित्रपट एकापाठोपाठ बघितले की कळतं, हा गडी एकाच माणसाकडे टक लावून बसलाय: हातात शिक्का असलेल्या माणसाकडे. तुम्ही कोण, तुमचं नाव काय, तुम्हाला घर मिळेल की नाही, हे टेबलापलीकडून ठरवणारा माणूस. युरोपात त्याने या माणसाचं सर्वांत भयंकर रूप बघितलं होतं. छावण्याही कागदांवर, याद्यांवरच चालत होत्या. हैफाला हाच माणूस घामाघूम, वैतागलेला, निरुपद्रवी होऊन भेटला, आणि किशोनला आयुष्यभर पुरेल एवढा विषय मिळाला.

'ब्लाउमिल्श कॅनॉल' हा 1969 चा चित्रपट बघा. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला ब्लाउमिल्श एक ड्रिल मशीन चोरतो आणि तेल अवीवचा भर वाहतुकीचा रस्ता खणायला लागतो. त्याला कोणी विचारत नाही. पोलिस वाहतूक वळवून देतात. पालिकेतल्या प्रत्येक खात्याला वाटतं, काम दुसऱ्या खात्याचं आहे. मग आपण मागे पडायला नको म्हणून जादा माणसं आणि यंत्रं धाडली जातात. खणत खणत समुद्राचं पाणी आत येतं आणि महापौर मोठ्या थाटात उद्घाटन करतात: आमचं शहर आता मध्यपूर्वेचं व्हेनिस! हे सगळं एका वेड्याने केलंय हे ज्या एकट्या कर्मचाऱ्याच्या लक्षात येतं, त्यालाच शेवटी वेडा ठरवतात. पुण्याच्या पोरांना हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही, एवढंच बोलते.

'सलाह शबाती' (1964) मात्र मी जपून दाखवते. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातून बायको, सात पोरं आणि आपली नक्की कोण लागते हे त्यालाही ठाऊक नसलेली एक म्हातारी घेऊन सलाह इस्रायलला येतो आणि पत्र्याच्या-कापडाच्या वस्तीत अडकतो. त्याला काम मिळतं झाडं लावण्याचं. अमेरिकन देणगीदार मोटारीतून येतात, आपल्या नावाची पाटी बघून गहिवरतात. ते गेले की अधिकारी पाटी बदलतो आणि त्याच रानात पुढच्या देणगीदाराचं स्वागत करतो. चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. पण पूर्वेकडून आलेल्या ज्यूंना आळशी, अडाणी दाखवल्याचा आरोपही झाला, आणि तो खोटा नाही. आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाच्या कुटुंबांपैकी अनेकांनी त्या वस्त्यांतले दिवस काढलेत. आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून त्यांच्यातल्या काहींनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तेल अवीवमध्ये धरणं धरलं होतं. तुमचं ज्यूपण चौकशीशिवाय मानणार नाही, असं धर्मपीठाने त्यांना ऐकवलं आणि 1964 मध्ये, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी, संसदेला त्यात लक्ष घालावं लागलं. ती मराठी माणसं सलाहवर हसली असतील की त्याच्याबरोबर, हा प्रश्न मी वर्गाला उलट विचारते.

आणि जर्मन? त्यांच्याकडे किशोन पोचला तो फ्रीडरिश टोरबर्गमुळे. टोरबर्ग व्हिएन्नाचा, स्वतः ज्यू, 1938 नंतर परागंदा होऊन युद्धानंतर परत आलेला. त्याला हिब्रू येत नव्हती, त्याने इंग्रजीवरून भाषांतर केलं. ते इतकं खमंग उतरलं की वाचकांना हा आपल्याच भाषेतला लेखक वाटला. 1979 मध्ये टोरबर्ग गेल्यावर जर्मन मजकुराची जबाबदारी किशोनने स्वतःकडे घेतली. पण नुसत्या भाषेने एवढं होत नाही. युद्धानंतरच्या जर्मनांना ज्यू माहीत होता तो स्मारकांवरचा, मान खाली घालून ज्याच्यासमोर उभं राहायचं तो. किशोनचा ज्यू जिवंत होता, त्याचा नळ गळत होता, प्लंबर येत नव्हता आणि बायकोपुढे त्याचं काही चालत नव्हतं. त्याच्यावर हसायला परवानगी होती, कारण तो स्वतःच हसत होता. ही सुटका थोडी सोयीची होती असं काही टीकाकार म्हणाले. मला तेही पटतं. ते किशोनला कळत नव्हतं असं मात्र नाही. आपल्या मारेकऱ्यांची नातवंडं आपल्या पुस्तकांसाठी रांगा लावतात याचं समाधान वाटतं, असं तो उघड म्हणायचा. मला यात क्षमा कमी आणि मिश्कील वसुली जास्त दिसते. नव्या पिढीबद्दल मनात द्वेष नाही, हेही तो सांगायचा, आणि दोन्ही खरं असायला माझी हरकत नाही.

इस्रायलशी, म्हणजे स्वतःच्याच देशाशी, त्याचं तेवढं जमलं नाही. राजकीय मतं उजवीकडची, त्यामुळे तिथली साहित्यिक मंडळी आपल्याला मोजत नाहीत ही सल त्याला होती. 2002 मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला तेव्हा, मी इस्रायलच्या बाजूचा असूनही मला हा मिळाला, असा टोमणा त्याने मारलाच. तोवर त्याचं घर स्वित्झर्लंडमध्ये आपेन्झेलला झालं होतं. तिथेच तो 29 जानेवारी 2005 रोजी गेला; दफन तेल अवीवला झालं. आधुनिक चित्रकलेवर त्याने पानंच्या पानं चिडून लिहिलीत, ती मला कंटाळवाणी वाटतात.

सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर आधी चार-पाच सदरं वाचा, मग 'कोंबड्यांच्या खुराड्यातला कोल्हा' ही कादंबरी घ्या. थकलेला पुढारी विश्रांतीसाठी आडगावात येतो आणि राजकारणाचा गंधही नसलेल्या त्या गावात निवडणूक लावतो. न्हावी एका बाजूला, चांभार दुसऱ्या बाजूला, आणि काही दिवसांत गावात कोणी कोणाशी बोलेनासं होतं. जर्मन बेताची असली तरी जमेल, वाक्यं छोटी आहेत.