तुरळक ठिकाणी

पळस फुलला की आमच्याकडे दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं आणि संध्याकाळी जो तो मान वर करून विचारतो, "आभाळ येऊन राहिलं का हो?" अगदी ह्याच दिवसांत आमचा अदलाबदलीचा मेळा असतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचं अंगण, पंचवीस-तीस टेबलं. त्यांवर टपाल तिकिटं, नाणी, काडेपेट्यांची लेबलं, जुनी पोस्टकार्डं. पैशाचा व्यवहार कमीच. "माझ्याकडे हे डबल आहे, तुझ्याकडे काय आहे?" एवढ्यावर दिवस जातो.

इतवारीत माझं चष्म्याचं दुकान आहे. तिकिटं शाळेपासून जमवतो, लेबलांचा नाद नंतर लागला.

तीन वर्षांपूर्वीच्या मेळ्याला मी पावसाची जय्यत तयारी करून गेलो होतो. छत्री, मेणकापड, प्लास्टिकच्या पिशव्या. शेजारच्या टेबलावर आमचे नाणेवाले काकाजी होते. माझा संसार पाहून हसले. "तुमचं कागदाचं दुखणं. माझ्या भोसल्यांच्या पैशाले गारपीट काय करते?"

चारच्या सुमारास अंगणातला उजेड पिवळट झाला आणि वारा आला. पाऊस नाही, नुसता वारा. गारेगार, धुळीनं भरलेला. मांडववाल्यानं ताडपत्री बांबूंना सुतळीनं बांधली होती. तिचं शीड झालं आणि दोन बांबूंसकट ती तुळशीवृंदावनावर जाऊन पडली. माझी चाळीसेक लेबलं काचेखाली होती, पण काच उचलून मी एकाला मोर दाखवत होतो. मोर, वाघ, घोडा, सगळे शेजारच्या टिनाच्या छपरावर गेले. सात परत मिळाली. पाऊस त्यानंतर दहा मिनिटांनी आला, तोवर माझ्याकडे भिजण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

तेव्हापासून हे ढग कसे बनतात ते जरा समजून घेतलं. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, पूर्वेकडे सरकतात, बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात, आणि दोघांची गाठ विदर्भावर पडली की दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून ढग उंच चढत जातात. म्हणून सकाळ बहुतेक वेळा निरभ्र आणि गडबड तिसऱ्या प्रहरानंतर. पाऊस कोसळायला लागला की ढगातली थंड हवाही त्याच्यासोबत खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पावसाच्या पुढे धावत येतो तो हाच वारा. म्हणजे मी ज्याची तयारी केली होती ते दुसऱ्या नंबरवर होतं. पहिला चोर वाराच.

अंदाजात "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" असं वाचलं की पूर्वी मी 'होईल कुठंतरी काटोल-नरखेडकडं' म्हणून सोडून द्यायचो. (तिकडं संत्र्याच्या आंबिया बहाराची इवली फळं झाडावर असतात. त्यांच्या नुकसानीपुढं माझी लेबलं काय!) पण हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे जास्तीत जास्त पाव भाग ठिकाणं. तो पाव आपल्याच अंगणात पडू शकतो. आता मेळ्याच्या दिवशी प्रादेशिक हवामान केंद्राचा पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज पाहत बसतो, आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान-संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप. गडगडाट ऐकू आला की कडुलिंबाखालचं टेबल सोडायचं, तिकिटं राहिली तर राहू द्यायची. ह्यावर माझा कुणाशी वाद नाही.

आता कागदाचं सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. कोऱ्या तिकिटाच्या पाठीला गोंद असतो. आपल्या मार्चच्या कोरड्या हवेत गोंद आणि कागद सारखे आकसत नाहीत, म्हणून बाराच्या उन्हात तिकीट विडीसारखं गुंडाळून बसतं. आणि त्याच दिवशी पाचला दमट हवा आली की तोच गोंद पुढच्या तिकिटाला घट्ट धरतो. एका दिवसात दोन्ही आजार! वापरलेल्या तिकिटाचं मात्र बरं असतं. त्याला आपण पाण्यात भिजवूनच पाकिटावरून सोडवलेलं असतं. पुन्हा भिजलं तर रद्दीवर तोंड खाली करून वाळवायचं, जाड पुस्तकाखाली ठेवायचं, झालं.

म्हणून मी नियम केला: बेभरवशाच्या दिवशी वापरलेलेच डबल न्यायचे. 1948 च्या गांधी संचातलं माझं दीड आण्याचं कोरं तिकीट घरीच राहतं, त्याचा मोबाईलवर फोटो दाखवतो. 2011 चं खादीवर छापलेलं तिकीट एकदा नेलं होतं. दिवसभर त्याच्यावर हात ठेवून बसलो आणि एकही अदलाबदल झाली नाही. कोरं न्यायचंच असेल तर मध्ये बटर पेपर घालायचा. तरी चिकटलंच तर ओढायचं नाही. झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, त्याच्यावर जाळी, जाळीवर तिकिटं, आणि काही तास धीर. सुटतात.

दुकानाचाही उपयोग होतो. मालाच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या निघतात, त्या वर्षभर बरणीत साठवतो. आता कापडाऐवजी कडीची पेटी नेतो. गार वारा आला की सगळं आत टाकून कडी लावायची, आवराआवर एका मिनिटात. उघड्यावर एका वेळी एकच स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही), त्याच्यावर दोन विटा. आणि महत्त्वाचा सौदा एकच्या आत, जेवणाआधी.

काकाजींचं सांगायचं राहिलं. त्यांच्या नाण्यांना खरंच काही झालं नाही. पण नाणी पुठ्ठ्याच्या चौकटींत पिना मारून ठेवलेली, आणि प्रत्येक चौकटीवर माहिती शाईपेनानं लिहिलेली. ती सगळी वाहून गेली. वर पिनांना गंज चढला. घरी सहा महिने भिंग घेऊन नाणी ओळखत बसले. "पैशाले काही नाही झालं," अजूनही म्हणतात, "पण कोणाचा कोणता, ते मलेच विसरलं ना जी!" भिंग माझ्याच दुकानातून नेलं. आता पेन्सिलीनं लिहितात.

ह्या रविवारी पुन्हा मेळा आहे. अंदाज आला: तुरळक ठिकाणी. पेटी भरून दारापाशी ठेवली आहे. विटा तिथं मिळतील की घरून न्यायच्या, एवढं विचारायचं राहिलंय.