जिनाच्या शेडमधले जुन्या वस्तूवाले

मे महिन्यात आमच्याकडे विदर्भात दुपारी कोणी घराबाहेर निघत नाही, पण मी गेल्या रविवारी डोक्याला दुपट्टा बांधला, खिशात कांदा टाकला अन् तालुक्याच्या गावी गेलो. कापसाचा सीझन संपला की जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, रिकामे पडतात, त्यातल्याच एका जिनाच्या टिनाच्या शेडमध्ये जुन्या वस्तूवाल्यांचा चार दिवसांचा बाजार लागला होता. दहा-बाराच जण होते, कोणी वणीकडून आलेला, कोणी पुसदकडून, आणि सगळ्यांमध्ये मिळून एक कूलर. मला काही विकत घ्यायचं नव्हतं, मला या लोकांशी बोलायचं होतं.

पहिलाच प्रश्न विचारला की एवढ्या तपत्या उन्हात बाजार काहून लावता. मला वाटायचं लग्नसराई म्हणून लावत असतील. तर एक काका म्हणाले, "भाऊ, घरं कवा उतरवते लोकं? उन्हाळ्यातच ना?" खरंच आहे. चैत्रात छपरावरचे कवेलू (कौलं) उतरतात, वैशाखात भिंती पडतात, कारण घरकुलाचा हप्ता आला की मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आसपास, डोक्यावर स्लॅब पाहिजे असतो, म्हणून खांब, चौकटी, कवाडं, माळ्यावरची भांडी सगळं याच दोन महिन्यांत बाहेर येतं. आणि ज्याच्या हाती पहिले लागलं त्याचं होतं, म्हणजे बहुतेक वेळा भंगारवाल्याचं.

हे काका मुळचे सुतार. त्यांच्याकडे एक सागवानी कवाडाची जोडी होती, त्यांनी माझा हात धरून त्यावरून फिरवला. अंगावर बारीक खाचा लागतात, लाटेसारख्या. "हा वाकसाचा मार आहे, रंधा फिरवला असता तर असं लागलं नसतं." वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. मग दाखवलं की या कवाडाला बिजागरीच नाही, फळीचंच एक टोक वर अन् एक खाली गोल करून ठेवलंय आणि ते चौकटीच्या भोकात फिरतं. खिळे चौकोनी, लोहाराने ठोकलेले. बाजारातले तारेचे गोल खिळे दिसले की समजायचं दार नंतरचं आहे किंवा नंतर दुरुस्त केलंय. नखाने थोडं खरवडून वास घ्यायला लावला, इतक्या वर्षांनंतरही सागवानाचा तो तेलकट वास येतो, त्या तेलामुळेच वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहच्या डेपोतून सागवान गेलं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले होते, आणि आपल्याच गावात तेच सागवान पाणी तापवायला चुलीत जाते हे मला खरंच सहन होत नाही.

पुढे एक मावशी आणि त्यांचा मुलगा भांडी घेऊन बसले होते. गुंड, घंगाळ, कोपर म्हणजे मोठी परात, गडवे, पानाचे डबे. मावशींनी दोन वाट्या उलट्या बोटांवर धरून टिचकी मारली, एक टण्ण करून गप्प झाली आणि दुसरी वाजतच राहिली. वाजत राहते ते कासं. पितळेत तांब्यासोबत जस्त असते, काशात तांब्यासोबत कथील असते, असं त्यांनी मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. भंडाऱ्याचं पितळ त्या नुसत्या काठाच्या वळणावरून ओळखतात म्हणाल्या, आणि मला त्यांच्यावर विश्वास आहे, कारण त्यांनी ३० वर्षं हेच हाताळलंय.

पण मी थांबलो ते एका कोपरापाशी. काठाखाली ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलेलं, मामाकडून भाचीला, गाव आणि १९६१. शहरातलं गिऱ्हाईक म्हणते नाव घासून द्या, क्लीन पाहिजे, आम्हाला त्यात झाडं लावायची आहेत. मावशी घासून देत नाहीत. "नाव पुसलं त् मंग राह्यलं काय, वजनच ना?" हे वाक्य मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरलो. आपण घरातलं भांडं मोडीत घालतो तेव्हा किलोचा भाव विचारतो, हे कोणाच्या लग्नातलं होतं ते घेणाऱ्याला एका शब्दानेही सांगत नाही. विकायचं तर विका, गरज असते, पण सांगून विका ना.

मुलाकडे धान्याची मापं होती, पायली, शेर, अधोली. आणि एक डबाभर भोकाचे पैसे, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे यायच्या आधी रुपयाचे ६४ पैसे असत ते. देव नाहीत का विचारलं तर लगेच नाही म्हणाला. दगडाच्या मूर्ती, जुने देव याला तो हातच लावत नाही, १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा आहे, १०० वर्षांवरच्या वस्तूचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. "आपलं सगळं आज्याच्या काळातलं, त्याच्या मांगं जातच नाही." मला हे आवडलं.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं ओढतात ते, लाकडी बैलही होते चार-पाच. एकाची शिंगं झिजून गेलेली, चाकं तीन. किती पोरांनी ओढला असेल तो.

निघताना परत सुतार काकांकडे गेलो. तेव्हा त्यांना सांगितलं की दोन वर्षांआधी आमचंही घर उतरवलं, चौकट एका दलालाने सरपणाच्या भावात नेली आणि मी तेव्हा पुण्यात होतो, फोनवर हो म्हणून बसलो. काका रागावले कसे नाहीत असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, काही खूण?

खूण होती. आमच्या आज्याला लिहिता येत नव्हतं, बाजारात बैलबंडीभर कापूस नेला की तो चौकटीच्या डाव्या खांबावर विळ्याने एक खाच पाडायचा, आणि पाच झाल्या की त्यांच्यावरून एक आडवी.

काकांनी खिशातून डायरी काढली, गाव लिहिलं, खाचा लिहिल्या, बाजूला तशाच पाच रेघा काढून एक आडवी मारली, माझा मोबाइल नंबर घेतला. म्हणाले, "मोसमाचे अजून पंधरा दिवस हायेत. वणीच्या दोन लाकूड कापायच्या आरा-मशीनवाल्याईले इचारून पाह्यतो."