डॅलीची ढेरी

परवा दुपारी ऑफिसच्या किचनमध्ये चहा करत होतो तर दोघंजण रग्बी लीगच्या डॅली एम मेडलवरून तावातावाने भांडत होते, यंदा कोणाला मिळणार, गेल्या वेळी कसा अन्याय झाला वगैरे. सिडनीत इतकी वर्षं काढूनही रग्बी लीगमधलं माझं ज्ञान म्हणजे तेरा-तेरा धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात, संपलं. मी आपलं बिस्किट बुडवत ऐकत होतो. डॅली हे त्या मेडलवाल्या माणसाचं पाळण्यातलं नाव असणार असं मी धरून चाललो होतो.

तर नाही. १८८३ मध्ये सिडनीतल्या बालमेनला मेसेंजर नावाच्या होड्या बांधणाऱ्याच्या घरी मुलगा झाला, नाव ठेवलं हर्बर्ट हेन्री. बाळाचं पोट म्हणे हे एवढं! तेव्हा विल्यम बीड डॅली म्हणून एक पुढारी इथे गाजत होते, कैदी म्हणून आणलेल्या आईबापांचा मुलगा, वकील झाला, भाषणं अशी की लोक ऐकत राहायचे. १८८५ मध्ये सुदानच्या लढाईला इथून सैन्य धाडलं ते यांनीच. आणि पोट सुटलेलं. झालं, बाळाचा डॅली झाला. पुढाऱ्याच्या स्पेलिंगमध्ये एक ई होता तो वाटेत कुठेतरी गळला. म्हणजे १९८० पासून सीझनमधल्या सगळ्यात भारी खेळाडूला जे मेडल मिळतं ते एका तान्ह्या बाळाच्या ढेरीच्या नावाने मिळतं, आणि सूट घालून ते घ्यायला जातात त्यातल्या कोणाच्याही पोटावर बोटभर चरबी नसते.

मला हे फार लागलं कारण मी स्वतः भोपळ्या. सांगलीला आमच्या वाड्यात आजीने ठेवलेलं नाव. चौथीपर्यंत मी काडी झालो होतो, बरगड्या मोजून घ्या, तरी भोपळ्याच. रस्त्यावर मॅच चालू असायची, मी बॅटिंगला, आणि वरच्या गॅलरीतून आजी ओरडायची, भोपळ्या, दूध उतू गेलं बघ तुझं! पुढच्याच बॉलला आऊट, दर वेळी. आमच्यातला एक आज मोठा डॉक्टर आहे, बोर्डावर डिग्र्यांची रांग, वाड्यात त्याला शेंबड्या म्हणायचे. आम्ही अजूनही म्हणतो. पेशंटसमोर नाही म्हणत, तेवढी माणुसकी आहे.

असो, डॅली. बाप स्वतः वल्हवण्यातला नावाजलेला, सिडनीतच डबल बेला त्याची होड्यांची शेड, पोरगा तिथेच कामाला, आणि शनिवारी रग्बी, फुकट. तेव्हाची रग्बी म्हणजे रग्बी युनियन, आणि युनियनवाल्यांचं तत्त्वच ते, खेळावं हौसेनं. कामगार पोरांना ही हौस महाग पडायची. ॲलेक बर्डन नावाचा एक खेळाडू टूरवर खेळताना जखमी झाला, कामाचे दिवस बुडाले, भरपाई काही नाही. त्यावरून पेटलं. ज्यांनी वेगळी चूल, म्हणजे आजची रग्बी लीग, मांडायची ठरवली त्यांच्यात चक्क आपला व्हिक्टर ट्रंपर होता, क्रिकेटवाला! (आपला म्हणजे काय, पण आजोबा त्याच्याबद्दल असं बोलायचे की तो मिरजेचा वाटायचा.) ऑगस्ट १९०७ मध्ये न्यूझीलंडची पैसे घेऊन खेळणारी टीम सिडनीत आली, पेपरवाल्यांनी त्यांना ऑल ब्लॅक्स या न्यूझीलंडच्या रग्बी टीमच्या नावाऐवजी ऑल गोल्ड्स म्हणून चिडवून घेतलं, आणि डॅली त्यांच्याविरुद्ध खेळायला उतरला. युनियनमधला तेव्हाचा सगळ्यात मोठा स्टार, गर्दी त्याच्यासाठी यायची. पुढे त्याच न्यूझीलंडवाल्यांनी त्याला आपल्यात घेऊन इंग्लंडला नेलं, टीममध्ये हा एकटा ऑस्ट्रेलियन.

युनियनने काय करावं? त्याचे रेकॉर्डच खोडून टाकले. खेळलाच नाही जणू. ते परत लिहायला २००७ उजाडलं, बरोबर शंभर वर्षं, आणि माणूस तर १९५९ मध्येच गेला. इकडे लीगमध्ये १९११ च्या एका सीझनमध्ये त्याने २७० पॉइंट काढले, त्याच्या ईस्टर्न सबर्ब्सने १९११, १२, १३ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली, तीनदा जिंकल्यामुळे शील्ड क्लबकडेच राहिली, आणि क्लबने ती सरळ डॅलीला देऊन टाकली. घरी न्या म्हणाले. त्याच वर्षी त्याने खेळ थांबवला.

खोडून खोडून नाव मात्र कोणाला खोडता आलं नाही, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. पण डोक्यात अडकलंय ते दुसरंच. असं सांगतात की त्याला पैशाच्या रग्बीत आणायचं ठरलं तेव्हा मंडळी डबल बेला जाऊन आधी त्याच्या आईला पटवून आली, पंचविशीचा घोडा झाला होता तरी, म्हणजे चोविसाचा. ॲनी तिचं नाव. त्या माऊलीने दारातून आत हाक मारली असेल ती हर्बर्ट म्हणून, का पाहुण्यांसमोरच डॅली?

विचारायचं राहिलंच त्या दोघांना. ते कधीच आपापल्या डेस्कवर गेले होते, आणि माझं बिस्किट चहात पडलं होतं.